गोरेपणाचा हिशोब

एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा एकच आजार झाला, तर पहिला संशय आनुवंशिकतेवर जातो. अकोल्यातील एका कुटुंबाच्या बाबतीत मात्र शोध येऊन थांबला तो आरशासमोरच्या एका डबीपाशी. आई आणि दोन मुली गोरेपणासाठी एकच क्रीम लावत होत्या. ती पार्लरमधून घेतलेली होती आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या तपासात तिच्यात पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी आली, चार दिवस चर्चा झाली आणि विरली. केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही २०२१ ते २०२३ या काळातील आपल्या रुग्णांची अशीच नोंद मांडली. मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करणाऱ्या एका विकाराचे २२ रुग्ण होते. त्यांतील १५ जणांमध्ये त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

पाऱ्याची खरी अडचण ही, की तो काम करतो. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रियाच तो अडवतो आणि थोड्याच दिवसांत चेहरा उजळ दिसू लागतो. कंपनीच्या ट्यूबने वर्षभरात जे होत नाही ते पार्लरवालीच्या बिननावाच्या डबीने पंधरवड्यात होते, मग मैत्रिणीला सांगितले जाते, बहिणीला दिले जाते. त्वचेतून आत गेलेला पारा मूत्रपिंडात साठतो. पायावर सूज येते, लघवीला फेस येतो, आणि या दोन्हींचा संबंध चेहऱ्यावरच्या तेजाशी जोडावा असे कोणाच्या मनातही येत नाही.

अशी बातमी आली की दोन सूर उमटतात. एक म्हणतो, या सगळ्या क्रीमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर सरसकट बंदी घाला. दुसरा म्हणतो, मुलींना अक्कल नको का? एवढ्या शिकलेल्या मुली, आणि रंगापायी जीव धोक्यात घालतात! पहिल्या सुरात थोडे तथ्य आहे. दुसऱ्यात जवळपास नाही, पण आपल्या घरांत तोच जास्त ऐकू येतो.

पाऱ्यावर वाद घालण्यासारखे काही उरलेले नाही. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनात पारा घालता येत नाही. नकळत आलेला असला तरी दहा लाखांत एक भाग, यापलीकडे तो चालत नाही. डोळ्यांसाठीच्या प्रसाधनांना तेवढी वेगळी मर्यादा आहे. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या मिनामाता करारालाही भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. नियम आहेत, प्रश्न ते पोहोचतात कुठवर याचा आहे. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक कारखान्यात जातो, घाऊक दुकानात जातो. गल्लीतल्या पार्लरच्या कपाटातील, ना उत्पादकाचे नाव ना परवाना क्रमांक असलेली डबी त्याच्या वाटेवर येतच नाही.

गोरेपणासाठी लावल्या जाणाऱ्या स्टिरॉइड मलमांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण ती विषे नव्हेत, औषधे आहेत. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही मलमे इसब आणि सोरायसिसच्या रुग्णांना खरोखरच दिलासा देतात. पण औषधाच्या दुकानात जाऊन ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटले की तीच मलमे हातात पडतात. सुरुवातीला चेहरा नितळ होतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येते, नको तिथे केस येतात आणि मलम थांबवले तर आग होते, म्हणून पुन्हा तेच मलम. त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नावच देऊन टाकले आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ औषधांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी खरोखर मागितली जाते का, हे ज्याने त्याने आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाहावे.

इथवर मतभेद होऊ नयेत. खरा वाद सुरू होतो तो तिसऱ्या वर्गापाशी: ज्यात ना पारा आहे ना स्टिरॉइड, शरीराला फारसा अपाय नाही, पण जी विकली जाते ती न्यूनगंडाच्या जोरावर, अशी साधी, कायदेशीर, नामांकित क्रीम.

१९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली आणि पुढची कित्येक दशके भारतीय घरांतील आरशापाशी तिने ठाण मांडले. तिची एक जाहिरात आजही अनेकांना आठवत असेल. मुलगा असता तर बरे झाले असते, असे वडील बोलतात, ते मुलगी ऐकते, क्रीम लावते, उजळते आणि हवाई सुंदरी होऊन घरात पैसे आणते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली, प्रकरण सरकारदरबारी गेले आणि २००३ मध्ये ती जाहिरात थांबली. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने नियम केला, की सावळ्या व्यक्तीला लग्नात, नोकरीत किंवा चारचौघांत मागे पडलेली, खिन्न अशी दाखवायचे नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद इथे उमटले आणि क्रीमच्या नावातून ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जादूटोण्यासारख्या उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला होता. त्यात गोरेपणाचा दावा करणाऱ्या जाहिरातीही होत्या आणि पुन्हा गुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड सुचवला होता. पुढे तो मसुदा मसुदाच राहिला.

तो कायदा व्हायला हवा होता का? बंदीच्या बाजूचा युक्तिवाद वजनदार आहे. जिच्या मनात स्वतःविषयी अजून काही ठरलेले नाही अशा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला, तुझ्यात कमी आहे असे दिवसातून दहा वेळा सांगणे हा धंदा असू शकत नाही. विरोधातला युक्तिवादही हलका नाही. सज्ञान बाईने तोंडाला काय लावावे हे सरकारने का ठरवायचे? केस काळे करणे चालते, ओठ लाल करणे चालते, मग गाल उजळ करणेच का नाही? आणि सगळ्यात व्यवहारी आक्षेप असा, की तपासणी होणारी ट्यूब बंद झाली की मागणी संपत नाही, ती पार्लरमधल्या बिननावाच्या डबीकडे वळते. अकोल्याची गोष्ट आठवली की हा आक्षेप मला निर्णायक वाटतो. क्रीम विकू द्यावी. पण ‘इतक्या दिवसांत इतकी गोरी’ असा दावा आणि सावळ्या चेहऱ्याची हेटाळणी, या दोन्हींना कायद्याने आवर घालावा. स्वनियमनाच्या भरवशावर ते सोडून भागलेले नाही. नाव बदलून ‘ग्लो’ केले तरी ग्राहकाला काय विकले जाते आहे हे ग्राहकालाही ठाऊक असते आणि विकणाऱ्यालाही.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: ही आवड आम्ही निर्माण केली नाही, ती समाजात होतीच. हे निम्मे खरे आहे. १९७५ च्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे गरोदर सुनेला केशर घातलेले दूध दिले जाते, बाळ गोरे व्हावे म्हणून. स्थळाच्या टिपणात उंची आणि गोत्राच्या शेजारी गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी प्रतवारी लागते. सावळीच्या पुढे घाईघाईने ‘नाकीडोळी नीटस’ जोडले जाते. या प्रतवारीत जात आहे आणि कष्टही आहेत. उन्हात राबावे न लागणाऱ्या घरची मुलगी, ही रंगाची जुनी जाहिरात कोणत्याही कंपनीच्या आधीची आहे.

उरलेले निम्मे मात्र बाजाराचेच आहे, आणि ते जास्त घातक आहे. पूर्वी सावळा रंग नशिबाचा भाग होता. लोक हळहळायचे, ‘रंगाने मार खाल्ला पोरीने’ म्हणायचे, आणि त्या हळहळीत अपमान असला तरी दोष नव्हता. क्रीमने रंग हा प्रयत्नाचा विषय करून टाकला. आता सावळी मुलगी नुसती कमनशिबी राहत नाही, ती निष्काळजीही ठरते. ‘जरा स्वतःकडे लक्ष दे गं’ या वाक्यात हेच दडलेले असते. फोनच्या कॅमेऱ्याने, आपण न सांगताच चेहरा गुळगुळीत आणि उजळ करून देणाऱ्या त्याच्या फिल्टरने, हा हिशोब रंगावरून वजनावर, केसांवर, दातांवर नेला. जे जे बदलता येते ते ते न बदलणे हा आळस झाला. आणि बदलता येत नाही असे आता जवळपास काही उरलेलेच नाही, निदान तसे सांगितले तरी जाते.

याची किंमत आरशासमोरच चुकवली जाते असे नाही. सातवी-आठवीपर्यंत मैदानावर खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या मुली दहावीच्या सुमारास कमी का होतात, याची कारणे अनेक आहेत. ‘उन्हात काळी होशील’ हे त्यांतले एक, आणि ते सांगणारी बहुतेकदा आईच असते. तिला दुष्ट ठरवणे सोपे आहे. पण तिने स्वतः कांदेपोह्यांचे ताट हातात घेऊन परक्या लोकांसमोर बसण्याचा अनुभव घेतलेला असतो आणि तो मुलीच्या वाट्याला थोडा सुसह्य व्हावा एवढेच तिला हवे असते.

बाहेरून पाहून दबाव कुठे संपतो आणि आवड कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. पुण्याच्या रस्त्यांवर डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळलेल्या, कोपरापर्यंत मोजे चढवलेल्या दुचाकीवरच्या मुली बाहेरगावच्या माणसाला चकित करतात. तो स्कार्फ रंग सांभाळण्यासाठी आहे, धुरासाठी आहे, की ओळखीच्या काकांनी पाहू नये म्हणून? विचारले तर तिन्ही उत्तरे मिळतील, कदाचित एकाच मुलीकडून. त्याच स्कार्फने तिला दुपारी दोन वाजता शहरभर फिरण्याची मोकळीकही दिलेली असते. तिच्याकडे पाहून ‘बिचारी’ म्हणणाऱ्या समाजसुधारकाने जरा थांबावे.

म्हणूनच ‘स्वतःवर प्रेम करा’ या उपदेशाचा मला अलीकडे कंटाळा येतो. तो चुकीचा नाही. अनेक मुलींना त्याने बळ दिले आहे, आणि ‘डार्क इज ब्यूटिफुल’सारख्या २००९ मध्ये चेन्नईतून सुरू झालेल्या मोहिमेने हा विषय निदान उघडपणे बोलायला लावला. पण उपदेश पुन्हा मुलीलाच केला जातो. आधी तिने गोरे व्हायचे होते, आता तिने सावळे असून आत्मविश्वासाने झळकायचे आहे. काम वाढले ते तिचेच. सावळ्या विठ्ठलाचा दाखला तर अशा प्रत्येक भाषणात येतो. त्या दाखल्याने आजवर एकाही मुलीचे स्थळ जुळल्याचे ऐकिवात नाही.

स्टार प्रवाहवर २०१९ मध्ये सुरू झालेली ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका या पेचाचा चांगला नमुना आहे. नायिका सावळी, तिचा छळ रंगावरून, आणि कथा तिच्या बाजूची. मालिका घराघरांत पाहिली गेली, रंगाविषयी बोलले गेले, ही तिची कमाई. पण ती सावळी नायिका साकारली उजळ रंगाच्या अभिनेत्रीला मेकअपने सावळे करून. अभिनय म्हणजे रूप पालटणेच, हा बचाव एका मर्यादेपर्यंत पटतो. पण सावळ्या मुलीचे दुःख दाखवायलाही सावळी मुलगी न घेणाऱ्या क्षेत्राला, आपण ज्याविरुद्ध कथा लिहिली तेच आपण करत आहोत, हे जाणवायला हरकत नव्हती. सावळ्या स्मिता पाटील याच मुंबईत दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या, त्याला पन्नास वर्षे झाली.

शाळेचे काय? फेब्रुवारी २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकावरून गदारोळ झाला. हुंड्याच्या कारणांमध्ये मुलीचा कुरूपपणा आणि अपंगत्व अशी नोंद त्यात होती: अशा मुलींचे लग्न जमणे अवघड जाते, मग वरपक्ष जास्त हुंडा मागतो आणि हतबल आईवडील देतात. संताप रास्त होता. तरी पुस्तकाने वर्णन केलेला व्यवहार खोटा नव्हता, हे संतापणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कबूल केले. चूक होती ती वेगळी. मागणाऱ्याचा लोभ हे कारण न धरता मुलीचा चेहरा हे कारण धरले गेले. समाजशास्त्राच्या पुस्तकाकडून एवढी अपेक्षा ठेवायला हवी की रोग कोणाला झाला आहे हे तरी ते नीट सांगेल. तो मजकूर गेला म्हणून व्यवहार गेला नाही.

आणि न्यायालय? जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने साताऱ्याच्या एका प्रकरणात १९९८ मध्ये दोषी ठरलेल्या पतीची निर्दोष मुक्तता केली. विवाहितेचा मृत्यू झाला होता. पती काळ्या रंगावरून टोमणे मारायचा, दुसरे लग्न करीन म्हणायचा, सासरा स्वयंपाकावरून बोलायचा, असा आरोप होता. हा छळ फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेल्या तीव्रतेचा नाही, असा निष्कर्ष निघाला. पहिल्या वाचनात राग येतो. दुसऱ्या वाचनात न्यायालयाची अडचण दिसते: टोमणा आणि मृत्यू यांना जोडणारा ठोस पुरावा नसताना माणसाला तुरुंगात ठेवता येत नाही, आणि ज्या फौजदारी कायद्यात सगळेच मावते तो शेवटी कोणाच्याच कामाचा राहत नाही. नाइलाजाने का होईना, मला हा तर्क मान्य करावा लागतो. पण मग कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याचा उल्लेख आपल्या चर्चांत का येत नाही? अपमान, उपहास, नावे ठेवणे याला तो कायदा हिंसाच म्हणतो आणि तुरुंगाची वाट न धरताही बाईला संरक्षण, निवारा, भरपाई मिळू शकते. टोमण्यासाठी योग्य हत्यार ते आहे.

एवढे करूनही कायदा बहुतेकदा सासरीच पोहोचतो. रंगाचे बोलणे सुरू होते त्याच्या वीस वर्षे आधी, माहेरी.

तिथे काय बदलेल? माझ्या मते मुलीला अक्कल नाही हे गृहीतकच आधी टाकून द्यावे लागेल. ती आजूबाजूला पाहते, उजळ बहिणीला चार स्थळे येतात आणि आपल्याला दीड, हे मोजते, ‘प्रेझेंटेबल’ उमेदवार हवी असलेल्या नोकरीच्या जाहिराती वाचते आणि क्रीम घेते. हा हिशोब बिनचूक आहे. बदलायला हवे ते त्यातले आकडे. आणि ते बदलतात, हे आपण पाहिले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, मुली मिळेनात म्हणून. मुलींच्या जन्माआधीच केलेल्या हत्येचे ते फळ होते, शेतीच्या दुरवस्थेचेही होते. पण त्यामागे आणखी एक गोष्ट होती. मुलींकडचे आता अटी घालू लागले आहेत: नोकरी हवी, पुण्यात घर हवे. नाही म्हणण्याची ताकद ज्या बाजूला जाते, त्या बाजूचे दोष आपोआप कमी दिसू लागतात. हे काही आदर्श चित्र नव्हे. एका बाजाराच्या जागी दुसरा आला, एवढेच. शिवाय कमावती मुलगी प्रसाधनांवर कमी नाही, जास्तच खर्च करते. तरीही ‘पसंत नाही’ ऐकून ती कोलमडत नाही, कारण ते ऐकायला तिला बसावेच लागत नाही. रंगावरच्या शंभर व्याख्यानांपेक्षा पदवीनंतरची दोन वर्षे तिला लग्नाचा विषय न काढता मिळणे जास्त उपयोगाचे, असे मला वाटते. ती दोन वर्षे देणे आईवडिलांच्या हाती आहे.

सरकारच्या हाती जे आहे ते फार अवघड नाही. अन्न व औषध प्रशासनाने पार्लरमधील क्रीमचे नमुने घ्यावेत, कोणत्या जिल्ह्यात किती नमुन्यांत पारा निघाला हे दर सहा महिन्यांनी जाहीर करावे, आणि पार्लर चालवणाऱ्या बायकांना गुन्हेगार न ठरवता आधी माहिती द्यावी. त्यांतल्या कित्येक जणी तीच डबी स्वतःही लावतात.

राहिली विवाह मंडळे आणि वधू-वर मेळावे. २०२० मध्ये अमेरिकेतील भारतीय वंशाच्या स्त्रियांनी सह्यांची मोहीम काढल्यावर ‘शादी डॉट कॉम’ने रंगानुसार स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली. आपल्याकडील ज्ञातिसंस्थांच्या कित्येक छापील अर्जांत मात्र वर्ण हा रकाना अजून आहे. तो काढून काय होणार, फोटो तर जोडलेलाच असतो, हा आक्षेप बरोबर आहे. स्थळे त्याने वाढणार नाहीत. पण फोटो पाहणारा पाहून ठरवतो. रकान्यात मात्र आईलाच बसून आपल्या मुलीला निमगोरी म्हणावे की गव्हाळ हे स्वतःच्या अक्षरात लिहावे लागते, आणि मुलगी शेजारी बसून ते वाचत असते. मंडळाचे चालक म्हणतील, रकाना नसला तर मुलाकडचे फोन करून विचारतात. विचारू देत. ज्यांना विचारायचे आहे त्यांनी ते निदान स्वतःच्या तोंडाने, आपले नाव सांगून विचारावे.